‘लाईट’ हा एक शब्द नाही, दोन आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या मुलांच्या पानावर गेल्या रविवारी इंग्रजी शब्दांची एक चौकट आली होती, त्यात ‘लाईट’ या शब्दाबद्दल लिहिलं होतं की या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, एक उजेड आणि दुसरा हलका, आणि पुढं त्याचं कारण पण दिलं होतं की उजेडाला वजन नसतं म्हणून इंग्रज लोक हलक्या वस्तूला पण लाईटच म्हणायला लागले. हे चूक आहे. हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. स्पेलिंग एक आणि उच्चार एक, बाकी सगळं वेगळं.

मी शिवाजी पेठेत इंग्रजीचे क्लास घेतो, आठवी ते दहावी, गेली बरीच वर्षं. पेपरातली ही चौकट कापून वहीत चिकटवायची सवय मीच पोरांना लावलीय, कारण दर आठवड्याला थोडे थोडे शब्द डोळ्याखालनं गेले तर वर्षाचे बरेच होतात, त्यामुळं ती चौकट चुकली की माझ्या क्लासात वीस-पंचवीस वह्यात चुकते. सोमवारी मी फळ्यावर सांगितलं की हे बरोबर नाही, तर एक पोरगा उभा राहिला, करवीर तालुक्यातल्या एका गावातनं एसटीनं येतो तो, आणि म्हणाला, “सर, पेपरात चुकीचं छापत्यात व्हय?” त्याच्या प्रश्नात उद्धटपणा अजिबात नव्हता, त्याला खरंच कळेना की आता मानायचं कुणाचं. छापलेल्या अक्षरावर पोरांचा किती विश्वास असतो हे त्या दिवशी परत एकदा दिसलं, म्हणून हे पत्र सविस्तर लिहितोय.

त्या पोराला मी आधी एक साधी गोष्ट करायला लावली. म्हटलं, व्युत्पत्ती वगैरे राहू दे बाजूला, विरुद्धार्थी शब्द लावून बघ. खोलीत लाईट आहे, याच्या उलट काय? डार्क. बॅग लाईट आहे, याच्या उलट काय? हेवी. एकाच शब्दाच्या दोन अर्थांना इतके लांबलांबचे विरुद्धार्थी शब्द असतील तर मनात शंका यायलाच पाहिजे. मग पुढं त्यांनाच खेळ लागला. लाईट जेवण? उलट हेवी जेवण, म्हणजे दुसरा लाईट. लाईट पाऊस? उलट हेवी रेन, दुसराच. हवामान खात्याच्या हिशोबात तर याला आकडे पण आहेत, चोवीस तासात २.५ ते १५.५ मिलिमीटर पडला तर लाईट रेन आणि ६४.५ च्या वर गेला की हेवी, गगनबावड्याच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. मग एकीनं विचारलं, लाईट पिवळा? आणि सगळा वर्ग थांबला. निम्मे म्हणाले हलका पिवळा, म्हणजे वजनाचा लाईट. पण उलट लावून बघा, हेवी पिवळा कुणी म्हणतं का? डार्क पिवळा म्हणतात. म्हणजे रंगातला लाईट हा उजेडाचा लाईट आहे, ज्या रंगात उजेड जास्त तो लाईट आणि ज्यात अंधार जास्त तो डार्क. आता ‘हलका पिवळा’ हे आपल्याकडं हिंदीतनं आलंय, हिंदीत हल्का पीला म्हणतात, आणि आपल्याकडं साडीच्या दुकानात पण हल्ली हलका रंग ऐकू येतं. मराठीत आपला फिकट किंवा फिका हा शब्द चांगला ठणठणीत आहे, त्यात वजनाचा काही संबंध येत नाही. सांगायचा मुद्दा हा की दोन लाईट एक समजले की असा घोटाळा होतो आणि तो घोटाळा आपल्या भाषेत पण शिरतो.

आणि एक गंमत वाटेल पण खरी गोष्ट आहे, हे दोन शब्द वेगळे आहेत हे आपल्या कोल्हापुरातल्या माणसाला न शिकवता माहीत आहे. आपण ‘लाईट गेली’ म्हणतो, ‘लाईट आली’ म्हणतो, म्हणजे तो शब्द आपण स्त्रीलिंगी नाम करून टाकलाय, त्याचं अनेकवचन पण करतो, रस्त्यावरच्या लाईटी बंद आहेत. लाईट बिल भरतो, लाईटीच्या खांबाला हात लावू नको म्हणतो. इथं लाईट म्हणजे नुसता उजेड नाही, अख्खी वीज आली त्यात, फॅन बंद पडला तरी लाईटच गेलेली असते. इंग्रजीत असं म्हणत नाहीत, तिथं पॉवर जाते, हे पण मी पोरांना सांगतो म्हणजे परीक्षेत चुकत नाहीत. आता दुसरा लाईट बघा. लाईट जेवण, लाईट वजन, लाईट घे रे. याला लिंग नाही, वचन नाही, याची ‘लाईटी’ होत नाही, ‘दोन लाईटी बॅगा’ असं चौथीतलं पोर पण म्हणणार नाही. इंग्रजी न शिकलेल्या माझ्या आज्जीनं सुद्धा यात कधी गल्लत केली नाही. व्याकरण तोंडात बसलेलं असतं, ते फक्त कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

पोरांना पूर्ण पटलं ते मात्र आपल्याच एका शब्दानं. मी फळ्यावर लिहिलं ‘पूर’ आणि विचारलं याचा अर्थ काय. कोल्हापुरातल्या पोराला पूर म्हटलं की काय आठवणार, २०१९ आणि २०२१. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ फुटाला धोका पातळी, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ आहे. मग त्याच्याच पुढं ‘कोल्हा’ लिहिलं. कोल्हापूर. सोलापूर, नागपूर, पंढरपूर, ईश्वरपूर. आता हा पूर कुठला? हा गाव या अर्थाचा, संस्कृतातला पुर, ‘पु’ ऱ्हस्व. आणि पाण्याचा पूर हा संस्कृतातलाच पूर, ‘पू’ दीर्घ, भरणे या धातूपासनं आलेला. मराठीत शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असलं तर त्याच्या आधीचा उकार सहसा दीर्घ होतो, म्हणून गावाचा पुर पण पूर झाला आणि दोन्ही दिसायला सारखे झाले. विभक्ती लावली तरी दोन्ही परत सारखेच, कोल्हापुरात आणि पुरात. आता उद्या कुणी पेपरात छापलं की कोल्हापूरला पूर येतो म्हणून त्याचं नाव कोल्हापूर पडलं, तर आपल्या पेठेतला माणूस काय म्हणेल? इथं लहान पोराला पण, ज्याच्यावरनं गावाचं नाव पडलं म्हणतात, त्या कोल्हासुर राक्षसाची कथा माहीत आहे. त्याला तो खुलासा ऐकून वाईट वाटेल, आणि मग सोलापूरला कुठला पूर येतो असंही विचारेल. नेमकं हेच त्या चौकटीत लाईटच्या बाबतीत झालंय. दोन शब्द सारखे दिसले, मग मध्ये एक गोष्ट रचली आणि जोडून दिले. तो एसटीनं येणारा पोरगा पूरचं ऐकल्यावर म्हणाला, “मग सर, लाईटचं पण आपल्या पूरसारखंच झालंय की.” मला जे सांगायला अर्धा तास लागला ते त्यानं एका वाक्यात सांगितलं.

आता खरी मुळं सांगतो, कारण ती त्या रचलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी छान आहेत आणि ती आपल्या घरापर्यंत येतात.

उजेडाचा लाईट ज्या फार जुन्या मुळातनं आला त्याच मुळातनं लॅटिनमध्ये ‘लक्स’ आला, म्हणजे प्रकाश. आपल्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो, जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आणि परत नोव्हेंबरात, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येत येत पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखापर्यंत पोचतात, आणि तुम्ही त्याची बातमी देता तेव्हा किरणांची तीव्रता लक्समध्ये छापता. तो लक्स आणि हा लाईट सख्खी भावंडं. त्याच मुळातनं संस्कृतात ‘रुच्’ धातू आला, त्याचा पहिला अर्थ चमकणे, झळकणे, आणि मग मनाला आवडणे. आपण म्हणतो हे मला रुचत नाही, जेवण रुचकर झालंय, ती रुची याच घरातली. संस्कृतात सोन्याला रुक्म म्हणतात, चमकणारं म्हणून, आणि रुक्मवरनं रुक्मिणी. म्हणजे पंढरपूरच्या रखुमाईच्या नावात आणि इंग्रजी लाईटमध्ये हजारो वर्षांपूर्वीचं एक रक्त आहे. ‘लोचन’ पण त्याच गोतातला. हे सांगितलं तेव्हा वर्ग जसा शांत झाला तसा एरवी कधी होत नाही.

हलक्याचा लाईट पूर्ण वेगळ्या मुळातनं आलाय आणि त्याचा संस्कृतातला भाऊ म्हणजे लघु. लघुउद्योग, लघुपट, लघुकथा यातला लघु. याच्यापुढं मात्र मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे कारण इथं आपली मराठी येते. लघुचा प्राकृतात लहु झाला, लघुकचा लहुअ, आणि मग त्यातली अक्षरं आपसात जागा बदलून हलुअ झालं. हे माझं मत नाही, बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांनी त्यांच्या प्राकृत व्याकरणात यासाठी वेगळं सूत्रच दिलंय की लघुक शब्दात ल आणि ह एकमेकांची जागा घेतात. चाकूचा काचू म्हणणारी बारकी पोरं घरोघरी असतात, तसंच हे, फक्त इथं अख्ख्या समाजानं केलं आणि ते टिकलं. त्या हलुअमधनं आपला हळू आला, हलका आला. आज हळू म्हणजे सावकाश किंवा आवाज न करता, पण मुळात तो वजनानं कमी या अर्थाचा. आई म्हणते हळू ठेव ते भांडं, तेव्हा तिला वेग कमी कर म्हणायचं असतं की जोर कमी लाव म्हणायचं असतं? दोन्ही. जुना अर्थ अजून आत कुठंतरी जिवंत आहे. तर आपला हळू, आपला हलका आणि इंग्रजांचा दुसरा लाईट हे एका कुळातले, आणि चौकटीत अर्थ देताना तुम्ही ‘लाईट म्हणजे हलका’ असं लिहिलंत, म्हणजे नकळत दोन भाऊच शेजारी शेजारी बसवलेत, पण ते भाऊ आहेत हेच सांगायचं राहिलं.

याच मुळातला आणखी एक शब्द आपल्या मटणाच्या गावात सांगायलाच पाहिजे. इंग्रजीत फुफ्फुसाला ‘लंग’ म्हणतात तो पण यातलाच, हलका अवयव म्हणून. खाटकाच्या दुकानात बघितलं असेल, फुफ्फुस पाण्यात टाकलं तर तरंगतं, काळीज बुडतं. इंग्लंडमधले खाटीक तर जनावराच्या फुफ्फुसाला सरळ ‘लाईट्स’च म्हणायचे. आता तो लाईट्स शब्द एखाद्या पोरानं जुन्या पुस्तकात वाचला आणि त्याच्या डोक्यात आपल्या पेपरनं उजेडाचं गणित भरलेलं असेल तर तो दिवे खातात असा अर्थ लावेल.

आणि तालमीतली पोरं. लाईटवेट हा शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी ब्राँझ मेडल घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ते शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. त्यांचा गट ५७ किलोचा, बँटमवेट. त्याच्यावर ६२ चा फेदरवेट आणि त्याच्यावर ६७ किलोचा लाईटवेट. म्हणजे लाईट म्हटलेला पैलवान सगळ्यात हलका नसतो, खाली अजून तीन गट होते त्यावेळी. हे पण क्लासात सांगितलं तर मागच्या बाकावरची तालमीतली दोन पोरं, जी इंग्रजीला कधी मान वर करत नाहीत, ती पुढं सरकून बसली.

मग इतके वेगळे असताना हे दोघं सारखे कसे झाले, हा प्रश्न राहतोच. तर इंग्रजीच्या अगदी जुन्या रूपातच, म्हणजे हजार वर्षांच्या मागंच, दोन्ही शब्द घासत घासत जवळपास एकसारखे झाले होते. मधला जी-एच आपण आता उच्चारत नाही पण तेव्हा तो घशातनं ‘ख’सारखा उच्चारायचे, स्कॉटलंडमधले लोक अजूनही कुठंकुठं तसं बोलतात. उच्चार गेला, स्पेलिंग राहिलं, आणि पोरांना पाठ करायचा त्रास राहिला. पण शेजारच्या जर्मन भाषेत बघा, तिथं आजही उजेडाला ‘लिख्ट’ आणि हलक्याला ‘लाइख्ट’ म्हणतात, दोन शब्द अजून वेगळे उभे आहेत. एक शब्द असता तर जर्मनमध्ये पण एकच राहिला असता की. चांगल्या मोठ्या इंग्रजी डिक्शनरीत म्हणूनच लाईट दोनदा येतो, डोक्यावर बारीक आकडा असतो, एक आणि दोन. मी पोरांना तो आकडा बोट ठेवून दाखवला. आपल्या चौकट लिहिणाऱ्यांनी तो आकडा बघितला असता तर हे सगळं टळलं असतं, एवढंच माझं गाऱ्हाणं आहे.

या दोघांची पोरं-बाळं पण अशीच एकमेकांसारखी दिसतात. गॅसचा लायटर हा उजेडाच्या घरातला, पेटवणारा. पण बंदरात मोठ्या जहाजावरचा माल उतरवून घेणाऱ्या होडीला पण इंग्रजीत लायटरच म्हणतात, ती हलक्याच्या घरातली, जहाज हलकं करणारी. गाडीतनं उतरण्याला ‘अलाईट’ म्हणतात, मूळ अर्थ घोड्यावरनं उतरून घोड्याचं ओझं हलकं करणं, आणि पेटलेल्या वस्तूला पण ‘अलाईट’च म्हणतात, तो उजेडाचा. आणि ‘डिलाईट’? हा तर दोघांचाही कुणी नाही. तो लॅटिनमधनं फ्रेंचमार्गे आला, पूर्वी स्पेलिंगमध्ये जी-एच नव्हतंच, सोळाव्या शतकात लाईटचं बघून लोकांनी त्यात ते घातलं. म्हणजे इंग्रज लोक स्वतः पण या दिसण्याला फसलेत, मग आपल्या चौकट लिहिणाऱ्यांना मी फार दोष देत नाही, पण चूक दुरुस्त करता येते ती करावी.

उजेडाला वजन नसतं या कारणाबद्दल एक शब्द. प्रकाशाच्या कणाला वस्तुमान नसतं हे विज्ञानात बरोबर आहे, पण प्रकाश कणाकणानं येतो हे आइन्स्टाइननं मांडलं १९०५ साली. हे शब्द त्याच्या हजार-बाराशे वर्षं आधीपासनं बोलले जातायत, तेव्हा शेतकऱ्याला आणि कोळ्याला उजेडाचं वजन मोजायची काय गरज पडली असेल? विज्ञानातली खरी गोष्ट भाषेतल्या चुकीच्या गोष्टीला टेकू म्हणून लावली की ती फार पटकन पटते, आणि म्हणून ती जास्त धोक्याची. दहावीचा पोरगा ते वाचून म्हणणार, लॉजिक तर बरोबर आहे.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, त्याच आकारात दुरुस्ती छापावी, आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळी नकोत कारण पोरं ते पान उघडतच नाहीत. दुरुस्तीत रुची आणि हळू हे दोन मराठी शब्द तेवढे नक्की घ्या, एक पहिल्या लाईटच्या खाली आणि एक दुसऱ्याच्या खाली. चौकट चालू ठेवा, ती बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, माझ्या क्लासातली खेड्यातनं येणारी पोरं त्या चौकटीवरच शब्द शिकतात, त्यांच्याकडं डिक्शनरी नाही आणि मोबाईल वडिलांच्या खिशात असतो. वह्यात मी आधीची चौकट फाडू दिलेली नाही, तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवायला सांगितलीय, नवीन आली की तिथं चिकटवायची.

आपला,
एक वाचक आणि इंग्रजीचा शिक्षक
शिवाजी पेठ, कोल्हापूर